अर्धलीची गाडी

बायनाबाई माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या बोटांना रक्त लागलेलं होतं, आणि ते तिचं नव्हतं. जिन्याखाली पानपट्टीवर टेकलेल्या एका माणसानं तिला "ए म्हातारे, वर कुठं चालली?" असं हटकलं होतं. तिनं त्याचं नाक फोडलं, वर आली, बोटं पदराला पुसली आणि मला विचारलं, "वकीलबाई तूच का?"

मी हो म्हणाले. जालन्यात मस्तगडला माझ्या वडिलांची दोन मजली जागा आहे, वरची खोली माझं ऑफिस. बाहेर 'ॲड. अर्पिता' अशी पाटी आहे. वडिलांचं म्हणणं, बाईवकिलाकडे फारकतीशिवाय दुसरं काय येणार. येतात त्याही. पण ग्राहक आयोगातली कामं मी हट्टानं घेते, कारण तिथं समोरचा माणूस बहुतेक वेळा गोड बोलणारा असतो आणि गोड बोलणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. भांडखोर माणूस मला चालतो. त्याच्या मनात काय आहे ते विचारावं लागत नाही.

तिच्या मागून तिचा मुलगा बिभीषण धापा टाकत जिना चढून आला. तिशीचा, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडी लावलेली. तो खाली थांबून त्या माणसाची माफी मागत होता, त्याला पाण्याची बाटली घेऊन देत होता. त्याच्याकडे बघून वाटलं की या कामाची त्याला लहानपणापासून सवय असावी.

तीर्थपुरीच्या अलीकडे माळावर एक वस्ती आहे, तिथलं हे मेंढरं राखणारं घर. बायनाबाईच्या हाताबद्दल घनसावंगी तालुक्यात जे बोललं जातं ते मी पुढे ऐकलं. तिला विचारलं, तर त्यातलं काहीही तिनं नाकारलं नाही. लांडग्यानं वाड्यातलं कोकरू धरलं तेव्हा तिनं काठी मोडेपर्यंत त्याला काठीनं मारलं आणि काठी मोडल्यावर दगडानं. बाजारात एका व्यापाऱ्यानं ठरवलेलं मेंढरू बदलून दुसरं रोगट गळ्यात मारलं, त्याचे पुढचे दोन दात तिनं तिथंच पाडले. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नवरा धुळाजी तिच्यावर धावून गेला, तर त्याचं मनगट मोडलं. मग तिनंच त्याला हाड बसवणाऱ्याकडे नेलं आणि हात बरा होईपर्यंत स्वतःच्या हातानं भरवलं. धुळाजी हे अजून हसत सांगतो. "त्याच्यानंतर आमचा संसार बराबर झाला," म्हणतो.

तिला चांगली म्हणावं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला ती आवडायची, एवढं खरं.

तर गाडीचं असं झालं. बिभीषण दुसऱ्यांच्या जीपा चालवायचा, तीर्थपुरी ते जालना. आपली स्वतःची गाडी असावी असं त्याला वाटायचं, आणि तिशीच्या माणसाला असं वाटलं तर त्यात काही वावगं नाही. तीर्थपुरीच्या बाजारात एका शोरूमनं मांडव टाकला होता. मांडवात पांढरी सात सीटची गाडी, तिला झेंडूचा हार, आणि गाडीशेजारी हरिओम नावाचा विक्रीचा पोरगा. गळ्यात टाय, तोंडात साखर. बिभीषण त्या गाडीभोवती घिरट्या घालायला लागला. हरिओमनं त्याला सांगितलं, विकत घ्यायची गरजच नाही, लीजवर घ्या. घरातल्या बाईच्या नावावर घेतली तर आधी भरायची रक्कमही कमी. बिभीषण धावत जाऊन बायनाबाईला घेऊन आला. ती दोन एडके विकायला बाजारात आली होती.

तिला गाडी नको होती. गाडीत बसलं की तिला मळमळतं, हे तिनं हरिओमला सगळ्यांसमोर सांगितलं. मग तिनं एकच गोष्ट विचारली.

"पैसे आम्ही देणार, मंग गाडी कोणाची?"

"कंपनीचीच राहणार मावशी. तुमच्याकडं फक्त सांभाळायला," हरिओम म्हणाला. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा त्यानं तिच्या हातातल्या दोराकडे आणि दोराला बांधलेल्या एडक्याकडे बघितलं. "तुमच्यात अर्धलीनं शेळी देतात न्हाई का? बिलकुल तसंच समजा."

हे ऐकलं आणि तिला सगळं समजलं. निदान तिला तसं वाटलं. अर्धली म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ज्याच्याकडे जनावर नाही त्यानं दुसऱ्याची शेळी आणायची, चारायची, पिलं होतील ती निम्मी मालकाची, निम्मी आपली. जनावर मालकाचंच राहतं. लांडग्या-वाघरानं नेलं तर जनावराचा कान आणून दाखवायचा. आणि सांभाळणं झेपेनासं झालं तर गळ्यात दोर घालून, अंगावर भंडारा टाकून, चार माणसांसमोर मालकाच्या दारात बांधून यायचं. बांधलं की सुटलात. मालक कितीही चिडला तरी तो दोर सोडत नाही, कारण दोर सोडणं म्हणजे चार माणसांच्या तोंडावर थुंकणं. वस्तीवर आजपर्यंत कोणी सोडलेला नाही.

बायनाबाईनं अंगठा दिला. कागद इंग्रजीत होते. मराठीत असते तरी फरक पडला नसता, कारण तिला वाचता येत नाही आणि अर्धलीला कागद लागतच नाही. फोटो काढला, नारळ फोडला, बिभीषण गाडी चालवत घरी आला. ती एडक्यांच्या टेम्पोतून मागून आली.

पुढचं कोणीही सांगेल. गाडीचा गिअर महिन्याभरातच अडकायला लागला. शोरूमवाले म्हणायचे, चालवण्याची चूक आहे. जालन्याच्या रस्त्यावर गाड्या उदंड आणि माणसं तेवढीच. हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जायचा, आणि तो भरायला महिन्याला दोन मेंढरं बाजारात जायची. तीन वर्षं असंच चालणार आहे, मध्येच सोडता येत नाही, हे बिभीषणला शोरूममध्ये कोणीतरी सहज सांगितलं. त्यानं घरी येऊन मायला सांगितलं. बायनाबाई वाड्यात जाऊन उभी राहिली. मेंढरं तिला मोजता येत नाहीत, पण ती प्रत्येकाला तोंडावरून ओळखते. तीन वर्षांत वाड्यात एक शेपूट उरणार नाही, हे समजायला मोजायची गरज नव्हती.

"ही डिझेल न्हाई पिऊन राह्यली," ती म्हणाली. "माझी मेंढरं खाऊन राह्यली. बांधून येऊ."

गाडी परत गेली तर मेंढरं वाचतात, नाही गेली तर संपतात. पुढे मी आयोगात शंभर गोष्टी मांडल्या, कलमं, निवाडे, सगळं. तिच्यासाठी गोष्ट शेवटपर्यंत तेवढीच राहिली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पांढरी गाडी शोरूमच्या फाटकासमोर उभी राहिली. चालवायला बिभीषण, गाडीत बायनाबाई, धुळाजी आणि वस्तीवरचे चार म्हातारे, डोक्याला पटके बांधून, साक्षीला. बायनाबाई उतरून आधी रस्त्याच्या कडेला ओकली. मग तिनं लोकरीचा जाड दोर काढला, एक टोक गाडीच्या पुढच्या हुकाला आणि दुसरं फाटकाच्या गजाला बांधलं. बॉनेटवर मूठभर भंडारा टाकला. किल्ली सीटवर ठेवली.

शोरूममधली माणसं बाहेर येऊन हसायला लागली. दोघांनी मोबाईल वर धरले. हरिओम आला, तोही हसतच.

"घे तुझं जनावर," बायनाबाई म्हणाली. "आम्हाला झेपत न्हाई."

"मावशी, असं नसतं हो. तीन वर्षं सोडता येत न्हाई."

"तूच म्हणलं अर्धलीची गाडी."

"अहो, अर्धलीसारखी म्हणलं होतं. तुम्हाला समजावं म्हणून म्हणावं लागतं आम्हाला. प्रत्येकाला तसंच सांगतो." आणि मोबाईलवाल्यांकडे बघून डोळा मारत त्यानं वाकून दोर सोडला आणि धुळीत टाकला.

म्हाताऱ्यांपैकी एकानं अभद्र घडल्यासारखे कान झाकले. बायनाबाईनं हरिओमचा टाय मुठीत धरला, त्याला खाली ओढलं आणि त्याचं तोंड बॉनेटवर आपटलं. पिवळ्या भंडाऱ्यावर लाल रक्त पसरलं. पुन्हा आपटलं. वॉचमन धावला, त्याच्या हातातलं दांडकं तिनं हिसकावलं आणि त्याच्याच गुडघ्यावर मारलं. मग शोरूमची दर्शनी काच. ती फुटायला दोन फटके लागले. काचेच्या मागे उभी असलेली नवी कोरी गाडी पण सुटली नाही. बिभीषण मागून तिच्या कमरेला धरून ओढत होता, रडत होता. पोलिसांची गाडी आली तेव्हा ती फाटकाला टेकून बसली होती आणि दोराच्या दोन्ही टोकांना पुन्हा गाठ मारत होती.

अंधार पडेपर्यंत तिला ठाण्यात बसवून ठेवलं. सकाळी वस्तीवर बघतात तो गाडी घरासमोर उभी. रात्रीतून कोणीतरी आणून सोडली होती. दोर मागच्या सीटवर गुंडाळून ठेवलेला होता.

हे सगळं ऐकून मी दोघांना चहा दिला आणि कायदा सांगितला. एखादी गोष्ट विकताना किंवा भाड्यानं देताना खोटं सांगून ती गळ्यात मारणं याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात. आपण काय घेतोय हे समजून घेण्याचा ग्राहकाला हक्क असतो. बिघडलेली गाडी देऊन वर हप्ते मागणं ही सेवेतली त्रुटी. त्यासाठी जालन्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथं तक्रार करता येते, वकील नसला तरी करता येते. बायनाबाईनं शांतपणे ऐकलं.

"अन् हरिओमला मारलं ते?"

"ते कायद्यात बसत नाही मावशी. त्याची वेगळी तक्रार आहे तुमच्यावर."

"मंग त्यानं दोर सोडला ते बसतं का?"

त्याचं कलम माझ्याकडे नव्हतं. मी विषय बदलला आणि तिला खरी भीती सांगितली. समोरच्याला तुम्ही मारलेलंच हवं आहे. गाडीचं प्रकरण राहील बाजूला, मारामारीचंच मोठं होईल. आणखी एकदा हात उचललात तर ते म्हणतील, ही बाई ग्राहक कसली, गुंड आहे. तक्रार मागे घे, आम्ही पोलिसातलं मागे घेतो, असा सौदा करतील. आणि गाडी तुमच्या दारात तशीच राहील.

ती म्हणाली, "बघते." तिच्या बघण्यावर कोणाचा भरवसा बसणार? बिभीषण खुर्चीतून उठला, तिच्या पायाशी बसला, तिचा उजवा हात उचलून त्यानं आपल्या डोक्यावर ठेवला आणि वरून स्वतःच्या दोन्ही हातांनी दाबून धरला.

"म्हण माय. गाडीची केस संपेपर्यंत कोणावर हात उचलणार न्हाई. उचलला तर माझं मेलेलं तोंड बघशील. म्हण."

तिनं हात काढायचा प्रयत्न केला. त्यानं सोडला नाही. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिला पोर एकच, आणि त्याच्या आधीची दोन माळावर पुरलेली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, काम सोपं झालं.

शेवटी ती म्हणाली. सगळी शपथ, शब्दन् शब्द.

तक्रार दाखल झाली. नोटीस गेली. शोरूमच्या वकिलांनी मला फोन करून अतिशय सभ्य भाषेत सांगितलं की गाडी धंद्यासाठी घेतलेली आहे, सबब बाई ग्राहक ठरत नाही. मी त्याहून सभ्य भाषेत सांगितलं की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्यात धरली जात नाही, कायदा पुन्हा एकदा वाचा. ते दुखावले. मला बरं वाटलं. हप्ते मी थांबवायला लावले होते, आणि आयोगाकडून तसा अंतरिम आदेश मिळावा म्हणून अर्जही टाकला होता. पहिल्या तारखेच्या आत वसंता आला.

वसंताचा शोरूमशी कागदोपत्री काही संबंध नाही. असल्या लोकांचा कधीच नसतो. तो वसुली करतो, कोणासाठी ते विचारायचं नाही. तो टेम्पो घेऊन आला, बरोबर तीन माणसं, एकाच्या हातात मोबाईल, आणि वसंताच्या हातात जॅकचा लोखंडी दांडा. पुढचं मला शेजारच्या झुंबरबाईनं सांगितलं. ती दारात ज्वारी पाखडत होती, तिनं सगळं बघितलं.

धुळाजी माळावर होता. गाभण मेंढ्या तेवढ्या वाड्यात होत्या. वसंता म्हणाला, "हप्ता दे, न्हाईतर मेंढरं चढवून राह्यलो." बायनाबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. चारही माणसं दोन पावलं मागं सरकली, कारण तिच्याबद्दल ऐकलेलं सगळ्यांनीच होतं. मोबाईलवाल्यानं चित्रण सुरू केलं. ते तिच्या हाताचीच वाट बघत होते.

ती उभीच राहिली. वसंताला हिंमत आली. त्यानं तिला एक मुस्काटात मारली. तिचा पदर डोक्यावरून पडला. त्यानं दुसरी मारली. "मार ना म्हातारे," तो म्हणाला. "सगळ्या तालुक्याला मारलं म्हणतात, मला मार." झुंबरबाईला वाटलं, आता याचा मुडदा पडतो. बायनाबाई खाली बसली. मातीत मांडी घातली, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

मग त्यांनी वाडा उघडला. गाभण मेंढ्यांना मागच्या पायांनी धरून फरफटत आणलं आणि टेम्पोत फेकलं. एक फळकुटावर आपटली, तिचं पोट फाटलं, आणि आतलं अर्धवट कोकरू बाहेर आलं. बिभीषण घरातून धावत आला आणि वाड्याच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिला. वसंतानं पहिला दांडा त्याच्या खांद्यावर घातला. दुसरा नडगीवर. हाड मोडल्याचा आवाज झुंबरबाईला तिच्या दारात ऐकू आला. तो पडला तरी वसंता त्याच पायावर मारत राहिला, त्याच जागी, लाकूड फोडतात तसा.

आणि बिभीषण ओरडला, "माय, मार त्याला. माय, मार."

झुंबरबाई म्हणाली, "वकीलबाई, ती बसल्या जागी हालून राह्यल्ती. पुढं मागं, पुढं मागं. पण हात काढले न्हाई."

ज्यानं शपथ घातली त्यानंच सुटका दिली तर शपथ सुटते का, हे तिला माहीत नव्हतं. आणि विचारायला वेळ नव्हता. हात उचलला तर पोर मरणार हे तिच्यापुरतं पक्कं होतं, उजेड पडला की दिवस उगवतो तितकं पक्कं. नाही उचलला तर त्याचा पाय जाणार होता. पाय गेलेला माणूस जगतो. तिनं त्या धुळीत बसून एवढा हिशोब केला असणार. वस्तीवरच्या बायांना मात्र वाटलं, बायनाबाई भ्याली. काहींनी तसं बोलूनही दाखवलं, आणि तिनं ते ऐकून घेतलं.

बिभीषणच्या पायात सळई घातली. पाय दोन बोटं आखूड झाला. वसंतावर गुन्हा नोंदला गेला, तो जामिनावर सुटला, ती केस अजून चालू आहे. मी दवाखान्यातले फोटो घेऊन आयोगापुढे उभी राहिले. माझा आवाज चढला होता, अध्यक्षांनी मला दोनदा बसायला सांगितलं. हप्त्यांना आणि वसुलीला स्थगिती मिळाली. नेलेल्या मेंढ्या मात्र परत आल्या नाहीत. त्या तोवर कापल्या गेल्या होत्या.

मूळ सुनावणीला शोरूमच्या वकिलांनी त्यांच्याकडचा हुकमाचा पत्ता काढला. बाई किती हिंस्र आहे हे दाखवायला त्यांनी फाटकासमोरचं मोबाईलमधलं चित्रण स्वतःच दाखल केलं. पडद्यावर हरिओमचं तोंड बॉनेटवर आपटलं, काच फुटली, वॉचमन कोसळला. मी उठले आणि एवढंच म्हणाले, की कृपया सुरुवातीचा थोडा भाग पुन्हा ऐकावा. अध्यक्षांनी तो लावला. हरिओमचा हसरा आवाज स्पष्ट आला, "तुम्हाला समजावं म्हणून म्हणावं लागतं आम्हाला. प्रत्येकाला तसंच सांगतो."

समोरच्या वकिलांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. ही चित्रफीत त्यांनी मारामारीसाठी इतक्या वेळा बघितली होती की मारामारीच्या आधीचं बोलणं त्यांच्या कानात शिरलंच नव्हतं.

अध्यक्षांनी बायनाबाईला विचारलं, "तुम्ही याला मारलं?"

"मारलं साहेब."

"का?"

"चार माणसांसमोर बांधलेला दोर सोडला त्यानं."

निकाल तिच्या बाजूनं लागला. चुकीचं सांगून लीज गळ्यात मारली, गाडी सदोष होती, आणि साक्षीदारांसमोर गाडी परत केली त्याच दिवशी व्यवहार संपला, असं आयोगानं धरलं. शोरूमनं स्वखर्चानं गाडी घेऊन जायची, भरलेलं सगळं परत करायचं, वर नुकसानभरपाई. हरिओमला मारल्याचं प्रकरण पोलिसात, ते वेगळं. मी घरी जाऊन वडिलांना निकाल मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा.

गाडी न्यायच्या दिवशी मी वस्तीवर गेले, पोचपावतीवर सही घ्यायची होती. शोरूमनं पाठवला तो वसंता. मुद्दाम पाठवला की दुसरं कोणी यायला तयार नव्हतं, देव जाणे. बरोबर एक ड्रायव्हर. वसंता माझ्याकडेच बघून बोलत होता, बायनाबाईकडे बघणं टाळत होता. बिभीषण दारातल्या बाजेवर कुबडी घेऊन बसला होता. धुळाजी, झुंबरबाई, ते चार म्हातारे, सगळे जमले होते. वसंतानं बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

बायनाबाई पुढे आली. "झालं का?"

"झालं मावशी."

"गाडीची केस संपली?"

"संपली."

"बिलकुल?"

"बिलकुल संपली."

तिनं पदर कमरेला खोचला. वसंतानं किल्ली ड्रायव्हरकडे फेकली. तो गाडीच्या पलीकडे सरकला, ड्रायव्हरनं आत बसून काच वर घेतली. मी वकील आहे, मला मध्ये पडायला हवं होतं. मी बाजूला सरकून तिला वाट करून दिली. त्या माणसाला तिच्या हातून मार बसताना बघायची मला इच्छा होती, आणि ती मी लपवत नाही.

ती त्याच्या समोरून पुढे गेली. मान वळवून बघितलंसुद्धा नाही. बाजेपाशी जाऊन थांबली. बिभीषण तिच्याकडे बघून हसत होता, सगळं मिटलं म्हणून. तिनं त्याच्या थोबाडीत अशी दिली की कुबडी एकीकडे आणि तो बाजेवर आडवा. तिनं त्याला आजवर एक चापटसुद्धा मारली नव्हती, हे त्यानं मला पुढे सांगितलं. तो उठायच्या आत दुसरी बसली. मग तिसरी.

"त्यानं तुझा पाय मोडला," ती म्हणाली. "तू माझे हात मोडले. तुझ्या जिवाची आण घालून मला बसवलं, अन् मंग माय मार, माय मार म्हणून वरडला. मी कोणतं ऐकायचं व्हतं? सांग. कोणतं ऐकू?"

बिभीषणनं हात आडवे घेतले नाहीत. "मार माय," तो म्हणाला.

मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती माळावरून निघून गेली. तिच्याकडे कोणी बघितलं नाही. बायनाबाई मारत होती, गालावर, खांद्यावर, पाठीवर, आणि प्रत्येक फटका आधीच्यापेक्षा हलका पडत होता. शेवटी हात त्याच्या आखूड पायावर येऊन पडला आणि तिथंच राहिला. धुळाजी उठून जवळ गेला, पण तिला हात लावायचं त्याला सुचलं नाही.

"कोणतं ऐकू मी," ती विचारत राहिली.